घड्याळअप्पांनी बटणं लावली

घड्याळ असो की घर, बिघडतं ते वस्तू जागच्या जागी नसल्यामुळे! हे घड्याळअप्पांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केल्यावर माणसाला एखादं ठाम मत बाळगायचा हक्क असतोच.

अक्षरओळख मात्र त्यांना उशिरा झाली. साठी उलटल्यावर सुनेनं शिकवलं, आधी मराठी, मग इंग्रजी. नवी सायकल मिळालेलं पोर जसं विनाकारण फेऱ्या मारतं, तसे अप्पा दिसेल ते वाचत सुटले. औषधाच्या बाटल्या, साबणाची वेष्टनं, बंद दुकानांच्या पाट्या, काही म्हणून सोडलं नाही.

सून घरीच संगणकावर संगीत तयार करायची. तिची नजर पडद्यावर आणि बोटं कीबोर्डवर. एक बटण दाबलं की वाद्य गप्प, दोन दाबली की झालेली चूक पुसली जायची. बटणांकडे ती ढुंकूनही बघत नसे.

ती बाहेर गेली होती, त्या दुपारी अप्पांनी कीबोर्ड साफ करायला घेतला. चिमट्यानं एकेक बटण उचकटलं, ब्रशनं झाडलं. आतून एवढा चुरा निघाला की मुंग्यांचं एक कुटुंब महिनाभर जेवलं असतं! बटणं परत बसवताना जुनी ओळ आठवली. क्यू, डब्ल्यू, ई... ही काय ओळ झाली? "बनवणारा घाईत होता बिचारा," असं म्हणून अप्पांनी त्याला माफ केलं आणि ए, बी, सी, डी अशी सगळी अक्षरं शिस्तीत बसवली. दोन बटणांवर बारीक उंचवटे होते, तेही कानशीनं घासून गुळगुळीत केले. तासभर वेळ उरला, म्हणून आणखी एक छोटं काम उरकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून तीन तास कामाला बसली. अप्पा मागे घुटमळत राहिले.

"काय गं, आज हलकं वाटतंय का काम?"

"हो अप्पा, बटणं कशी लोण्यासारखी चालतायत!"

अप्पांची छाती लंबकासारखी डुलू लागली.

दिवसाला गालबोट लागलं ते एवढंच, की चहा खारट झाला. माईच्या हातून असं कधी झालं नव्हतं. "वय झालं माझं," ती पुटपुटली. अप्पांनी मुकाट्यानं सगळा कप संपवला. बायकोच्या म्हातारपणावर बोट ठेवणाऱ्यातले ते नव्हते.

साडेतीन वाजता फोन वाजला. सून दाताच्या डॉक्टरकडे गेली होती.

"अप्पा, नाटकाच्या दिग्दर्शकांचा फोन आला होता. त्यांना गाण्यात बासरी नकोय. चारला तालीम आहे. तोवर नाही बदललं तर ते जुनीच चाल घेणार! माझं पहिलं नाटक आहे हो!"

"सांग, काय करू?"

"सगळं उघडंच आहे. बासरीच्या ओळीवर क्लिक करा आणि एम दाबा. बासरी गप्प होईल. मग कंट्रोल धरून एस. सेव्ह झालं की गाणं आपोआप त्यांच्याकडे पोचतं."

एवढंच? अप्पांनी क्लिक केलं. एम दाबला. बासरीखाली दुसरी बासरी उगवली. दाब कमी पडला असेल, म्हणून आणखी तीनदा दाबला.

"सूनबाई, पाच बासऱ्या झाल्या."

"काय? कंट्रोल धरून झेड दाबा! चूक मागे जाईल."

अप्पांनी दाबलं. खोलीत टिकटिक सुरू झाली! अप्पांनी भिंतीवरची तिन्ही घड्याळं कानाला लावून पाहिली. एकाचाही आवाज वाढलेला नव्हता.

"अगं, संगणकात घड्याळ शिरलंय!"

"ते ताल मोजणारं मेट्रोनोम आहे! कशाला लावलंत? बरं, कंट्रोल आणि एस दाबा, आहे तेवढं तरी... नको नको, थांबा!"

पण अप्पांच्या बोटांना 'दाबा' ऐकू आलं होतं, 'थांबा' नंतर आलं. आता पाचही बासऱ्या टिकटिकीच्या तालावर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागल्या. माई दारात येऊन कानांवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, कुकरची शिट्टी बरी याच्यापेक्षा!"

चार वाजायला बारा मिनिटं होती. फोनमधून सुनेचा आवाज रडवेला झाला.

"अप्पा, एकच सांगा. ए च्या उजवीकडे कोण आहे?"

"बी! आणखी कोण असणार?"



"अप्पा... तुम्ही बटणं ओळीनं लावलीत?"

"मग! तुझी बोटं लोण्यासारखी चालली ती उगाच?"

दीर्घ श्वासाचा आवाज आला. "बरं. आता अक्षरं विसरायची. मी मांडीवर वाजवून सांगते. शेजारच्या बाई जागा बदलतायत, बदलू देत. खालची ओळ, डावीकडचं पहिलं अक्षर, कंट्रोल धरून. सगळं निवळेपर्यंत दाबा."

अप्पा दाबत गेले. तुकडा वाजायचा थांबला, घड्याळ बाहेर पडलं, मग एकेक बासरीही गळाली.

"आता बासरीची ओळ. खालच्या ओळीतलं शेवटचं अक्षर." बासरी गप्प! "आता कंट्रोल, आणि मधल्या ओळीतलं दुसरं."

पडद्यावर 'सेव्हड' उमटलं. अप्पांनी ते स्वतः वाचलं, मोठ्यानं, दोनदा. चार वाजायला तीन मिनिटं होती.

संध्याकाळी सून घरी आली ती हसत. दिग्दर्शकांना गाणं पसंत पडलं होतं. कीबोर्डपुढे बसून तिनं पहिल्यांदाच बटणं निरखून पाहिली.

"पूर्ववत करू का?" अप्पांनी खाली मान घालून विचारलं.

"कशी? मूळची ओळ मलाही सांगता येणार नाही. ती बोटांना पाठ आहे. राहू द्या अशीच. तुम्हाला अक्षरं शिकवली, आता भोगायला हवं!" तिनं माईनं केलेल्या चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "फक्त खरं सांगा, आणखी काही ओळीनं लावलं नाहीत ना?"

अप्पांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. माईला अक्षरं येत नव्हती. तिची बोटंही आयुष्यभर स्वयंपाकघराच्या फळीवरच्या जागेवरूनच डबा उचलत आली होती. आणि त्या उरलेल्या तासात अप्पांनी ते डबे, सुनेनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचून, अ पासून ज्ञ पर्यंत...

"तसं काही नाही," असं म्हणत त्यांनी खारट चहा संपवला आणि माईची पाठ वळताच गुपचूप स्वयंपाकघराकडे निघाले.