सूर्याची जोडणी

आमच्या मुलीच्या शाळेने वार्षिक कार्यक्रमासाठी रंगमंच चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं, ते काही घाईघाईने नव्हे. गेल्या वर्षी पडदा ओढणाऱ्या शिपायाला शिंक आली आणि पाहुण्यांच्या भाषणाच्या मधोमध पडदा पडला. प्रेक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. या टाळ्यांची व्यवस्थापनाने गंभीर दखल घेतली आणि कार्यक्रमातून माणूस शक्य तितका कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

यंदाच्या नाटुकल्यात आमच्या ठमीला एक वाक्य होतं. ती फूल होती आणि तिने म्हणायचं होतं, "सूर्या, वर ये ना!" ठमी पाच वर्षांची आहे आणि घराबाहेर बोलत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. म्हणून वर्गाच्या बाईंनी ते वाक्य मुद्दाम तिला दिलं. "एकदा चारचौघांत तोंड उघडलं ना, की सुटेल ती," असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी देव पाण्यात घालून बसले होते.

सॉफ्टवेअर समजावून सांगायला एक गृहस्थ आले. त्यांना सगळे जोडणीवाले म्हणत. संगणकाच्या पडद्यावर डावीकडे इनपुटांची यादी होती: माइक, बटण, पायाखालची पट्टी. उजवीकडे आउटपुट: दिवे, संगीत, धूर, सूर्य.

"सोपं आहे ताई. डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम. मध्ये रेघ ओढायची. फुलाच्या माइकमध्ये साठ डेसिबलचा आवाज आला की सूर्य वर."

"आणि रेघ चुकली तर?"

"चुकेल कशी? मंजूर झालेली असते."

जोडण्यांच्या तक्त्यावर पालक प्रतिनिधी म्हणून माझीही सही होती. मी तो दोनदा वाचला होता. कळला नव्हता, पण वाचला होता.

पहिल्या तालमीत ठमी माइकपुढे उभी राहिली आणि बोलली! खरंच बोलली. मी पहिल्या रांगेत होते, मला "सूर्या" एवढं स्पष्ट ऐकू आलं. डेसिबलचा काटा एक्केचाळीसवर थांबला. सूर्य जागचा हलला नाही.

"अहो, ते साठचं जरा खाली आणा ना," मी म्हटलं.

"आणलं असतं हो. पण तक्ता साठचा मंजूर आहे. मुलगी मात्र मंजूर नाहीये, ती बदलता येईल."

नोंदवहीत शेरा पडला: ‘इनपुट क्रमांक सात कमकुवत. पालकांनी सुधारणा करून आणावी.’

आम्ही सुधारणा हाती घेतली. ह्यांनी फोनवर डेसिबल मोजायचं अॅप घेतलं. आमचं घर आठवडाभर सूर्याला हाका मारत होतं. ह्यांचे बहात्तर आले. सासूबाईंनी आतून नुसतं "गॅस बंद केलास का?" विचारलं, तर ब्याऐंशी. ठमी अडतीसवर आली.

"आईवर गेलीय," सासूबाई म्हणाल्या. माझा तेव्हाचा आकडा कुणी मोजला नाही.

दुसऱ्या तालमीआधी समिती बसली. सूर्याची जोडणी फुलावरून काढून प्रेक्षकांच्या टाळ्यांवर करावी, टाळ्या कधी कमकुवत नसतात, असं ठरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सूर्य उगवल्याशिवाय प्रेक्षक टाळ्या वाजवणार नाहीत. तेव्हा टाळ्या ध्वनिमुद्रित घेतल्या. पण टाळ्या सुरू कशाने व्हाव्यात? त्या सूर्यावर जोडल्या.

"म्हणजे टाळ्या झाल्या की सूर्य, आणि सूर्य उगवला की टाळ्या?" मी विचारलं.

"बरोबर. एकदम बंदिस्त काम," जोडणीवाले खुशीत म्हणाले.

"मग सुरुवात कोण करणार?"

"पाहुणे. उद्घाटनाचं बटण दाबतील. नाहीतरी त्यांना दुसरं काय काम असतं?"

दुसरी तालीम दृष्ट लागण्यासारखी झाली, फक्त मुलांमुळे घोळ झाला. एक मुंगी खोकली तर धूर सुटला. ढगाने पायाखालच्या पट्टीवर उडी मारली तर राष्ट्रगीताची धून लागली, आणि सगळ्यांना बावन्न सेकंद ताठ उभं राहावं लागलं. जोडणीवाल्यांनी अहवाल दिला: ‘रंगमंचावर अकरा भटकी इनपुटं आढळली.’

दुसऱ्या दिवशी सूचना आली: ‘कार्यक्रम सुरळीत पार पडावा म्हणून सहभागी विद्यार्थ्यांनी कार्यक्रमात भाग घेऊ नये. पोशाख अनिवार्य.’

मी तडक मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. "बाई, ठमीच्या वाक्याचं काय?"

"वाक्य आहे की! तिच्या वाक्याला आम्ही हात लावलेला नाही. फक्त आवाज माझ्या भाचीचा आहे. रेडिओवर असते ती."

"आणि फूल?"

"पुठ्ठ्याचं. पण तुमच्या मुलीच्याच मापाचं."

मी भांडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आता ती अडखळणार नाही, कुणी हसणार नाही, मला अंधारात बसून देव आठवावे लागणार नाहीत, असं मनात आलं आणि खांद्यावरचं ओझंच उतरलं. "छान आहे," मी म्हटलं. दारात वर्गाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कार्यक्रम दृष्ट काढावी असा झाला. पाहुण्यांनी बटण दाबलं. पुठ्ठ्याच्या फुलाने रेडिओच्या आवाजात सूर्याला बोलावलं. टाळ्या झाल्या, सूर्य आला, सूर्य आला म्हणून टाळ्या झाल्या, आणि त्या ऐकून आम्हीही वाजवल्या. दोनशे फोन वर होते. मुलं पोशाख घालून शेजारच्या वर्गात, तोंडावर बोट ठेवून बसली होती.

"चांगलं केलं हो ठमीने," हे डोळे पुसत म्हणाले.

"ती नव्हती स्टेजवर."

"नसेल. पण केलं चांगलं."

घरी आल्यावर आम्ही तिघं सोफ्यावर दाटीवाटीने बसून फोनवर कार्यक्रम पाहत होतो, तिसऱ्यांदा. मागे दारात ठमी पाकळ्या न काढता उभी होती. जिन्यात शेजारीण, तिची दोन मुलं आणि कुरिअरवाला उभे होते. चारचौघं म्हणता येतील असे मोजून चार.

ठमीने श्वास घेतला आणि जिना दणाणून सोडला: "सूर्या, वर ये ना!"

"शू!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. "तुझंच वाक्य येतंय. ऐकू दे जरा."

त्यानंतर ती घरातही बोललेली नाही. हात वर करते. शाळेकडून प्रमाणपत्र आलं आहे, उत्कृष्ट सहभागाचं.

तुम्ही आमच्यावर हसलात, ते रास्तच आहे. पण हे वाचता वाचता तुमच्या शेजारून आत्ता दोनदा कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय म्हणालं होतं ते?