भालेरावांचा चाप

एका जंगलात एक पिस्तूल राहत होतं.

जंगलात पिस्तूल कुठून आलं, असं विचारू नका मुलांनो. तुमच्या घरात इतक्या वस्तू आहेत, त्या कुठून आल्या ते तुम्हाला तरी माहीत आहे का? फॅक्टरीत तयार झालेलं, नंबर ठोकलेलं, साधं पिस्तूल होतं. ते जंगलाचे रक्षक भालेराव अस्वल यांच्या कमरेच्या पट्ट्यात राहायचं.

राजा वाघ होता. त्याला पंजे असताना पिस्तूलवाला रक्षक कशाला, अशीही शंका तुम्हाला येईल. पंजा मारायचा तर महाराजांना स्वतः उठावं लागतं. पुढे विचारू नका.

रक्षकाच्या नोकरीबरोबर ओढ्याकाठची गुहा मिळायची. गार गुहा, दारात मोहाची दोन झाडं, आत पाठ घासायला खास खडबडीत दगड. भालेरावांच्या बायकोने, चंद्राबाईंनी, ती अकरा वर्षं सारवून-पुसून आरशासारखी ठेवली होती. या गोष्टीत ती गुहाच पणाला लागलेली आहे.

कारण जंगलाचा एक नियम होता. दर खंडेनवमीला शस्त्रपूजा व्हायची. मग उंबराच्या फांदीला एक कोहळा टांगायचे आणि रक्षकाने तो एका गोळीत फोडायचा. तीन वर्षं ओळीने कोहळा शाबूत राहिला, तर पट्टाही जायचा आणि गुहाही.

भालेरावांचा कोहळा गेली दोन वर्षं शाबूत होता. त्यातल्या पहिल्या वर्षी गोळी मधाच्या पोळ्याला लागली. त्याचं भालेरावांना फारसं वाईट वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी मात्र पंचाईत झाली. पिस्तुलाला बोट घालून ओढायची जी पट्टी असते, तिला चाप म्हणतात. तो चाप इतका जड होता, की भालेराव ओढायला लागले तेव्हा महाराज जागे होते आणि गोळी सुटली तेव्हा घोरत होते. गोळी गेली आभाळात.

"दोष चापाचा आहे," भालेराव घरी येऊन म्हणाले.

"अहो, तुम्ही डोळे मिटता," चंद्राबाई म्हणाल्या.

"डोळे उघडे ठेवले की आवाज मोठा येतो."



दारातल्या एका मोहाच्या झाडावर हुप्पे नावाचं वानर राहायचं. माणसांच्या गोळीबाराच्या मैदानावर ते एकदा चार दिवस आंब्याच्या झाडावर बसून आलं होतं. तेवढ्यावर पिस्तुलांबद्दल त्याचं मत जंगलात शेवटचं झालं होतं. स्वतः त्याने कधी पिस्तुलाला हात लावला नव्हता. हात लावणाऱ्यांची मतं बिघडतात, असं ते म्हणायचं.

"फॅक्टरीचा चाप म्हणजे काय, भालेराव," हुप्पे म्हणाला, "चिखलातून पाय उपसणं. खरा चाप कसा पाहिजे? पिकल्या जांभळासारखा. नुसता विचार केला की गळला."

भालेरावांना जांभळं फार आवडायची. हेही एक कारण झालं.

चंद्राबाईंनी बजावून पाहिलं. म्हणाल्या, गवत खसखसलं की तुम्ही चाप ओढायला घेता. तो ओढून होईपर्यंत गवतातून ससा बाहेर येतो, रामराम करतो, बायकामुलांची खुशाली सांगतो आणि निघून जातो. त्या जड चापावर या जंगलातली अर्धी वस्ती जिवंत आहे. पण बायकोचं म्हणणं आणि हुप्पेचं म्हणणं यात हुप्पे उंचावर बसून बोलत होता.

भालेराव पिस्तूल घेऊन साळू मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे साळिंदर. अंगावरचाच एखादा काटा उपटायचा आणि त्याने काम करायचं, त्यामुळे त्याला हत्यारांची पेटी लागायची नाही. दुकानावर पाटी होती, 'फॅक्टरीचा माल माणसात आणून मिळेल.'

मिस्त्रीने पिस्तूल खोललं आणि शिंकला. आत अकरा खंडेनवम्या बसल्या होत्या. हळद, कुंकू, दूध, साखर, चार अक्षता, झेंडूची एक आख्खी पाकळी. सगळ्याचा मिळून घट्ट चिक्कीसारखा थर झाला होता. मिस्त्रीने तो खरवडला, पुसलं, जोडलं आणि चाप ओढून पाहिला.

"झालं. न्या."

"झालं म्हणजे?"

"मळ होता. आता बरा चालतोय."

भालेराव खट्टू झाले. मळ होता, हे हुप्पेला कोणत्या तोंडाने सांगायचं? लोक म्हणणार, रक्षकाला साधं पिस्तूल पुसता येत नाही.

"बरा म्हणजे, जांभळासारखा?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीने काटा खाली ठेवला. "भाऊ, जांभळाचं काम वेगळं. माझं ऐकाल तर हा आहे तसा न्या. फॅक्टरीवाल्यांनी काहीतरी विचार करूनच तो एवढा ठेवलाय."

"फॅक्टरीवाल्यांना कोहळा फोडायचा नाहीये."

हे मिस्त्रीला पटलं असं नाही, पण गिऱ्हाईक दारातून हलेना. त्याने दुसरा काटा उपटला. आत काय केलं, ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं, तुमच्या आया मला ओळखतात.

चाप जांभळासारखा झाला. भालेराव खूश. नवमीला दोन दिवस होते, म्हणून ते सरावाला गस्तीवर निघाले. पहिली गोळी ते पट्टा घट्ट करत असताना सुटली. दुसरी त्यांनी जांभई दिली तेव्हा. तिसरी मिस्त्रीच्या पाटीतून गेली आणि मिस्त्री बिळात गेला तो बाहेर येईना. ससा आता तीन झाडं अलीकडूनच "मी ससा, मी ससा" म्हणत यायला लागला. मोरांनी नाचणं बंद केलं. जंगलात कधी नव्हे ती शांतता झाली आणि महाराजांनी गस्त उत्तम चालल्याचं बोलून दाखवलं.

हुप्पे तर गहिवरला होता. "काय सुटतोय," तो म्हणत होता. मात्र तो आता झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसू लागला होता.

नवमी उजाडली. उंबराला कोहळा टांगला. त्याच्या अलीकडे खडकावर महाराज बसले. त्यांच्या समोर पाटावर, केळीच्या पानात, पिस्तूल ठेवलं. पूजेला धवलशास्त्री बगळे आले.

शास्त्रीबुवांचा एक आग्रह असायचा. पूजेचं पिस्तूल भरलेलंच पाहिजे. रिकाम्या शस्त्राची पूजा म्हणजे रिकाम्या ताटाचा नैवेद्य, असं त्यांचं म्हणणं. अकरा वर्षं यावर कुणी हरकत घेतली नव्हती, आणि अकरा वर्षं त्यातून काही वाईटही झालं नव्हतं.

चंद्राबाई पुढे होऊन म्हणाल्या, की शास्त्रीबुवा, यंदा जरा लांबूनच करा. शास्त्रीबुवांनी मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. बाईमाणसाने पूजेत बोलल्याचं त्यांना आवडलं नाही. त्यांनी चोचीचं टोक कुंकवात बुडवलं. एक टिळा नळीला लावला. एक मुठीला. तिसरा चापाला लावायला वाकले.

धाड.

महाराजांच्या डाव्या गालावरच्या तीन मिशा गेल्या. मागे कोहळ्याचे बरोबर दोन तुकडे झाले, सुरीने कापावेत तसे. शास्त्रीबुवा एका पायावर उभे होते, ते तसेच आडवे झाले.

 महाराजांनी गाल चाचपला. मग वळून कोहळा पाहिला.

भालेराव छाती काढून पुढे आले. "कोहळा फुटला, महाराज. पिस्तूल माझं आहे."

"बोट कुणाचं होतं?"

"बोट नाही, चोच होती," वरून हुप्पे म्हणाला. त्याला अचूक माहिती द्यायची फार हौस.

नियम काढून वाचला. 'खंडेनवमीला ज्याच्या हातून कोहळा फुटेल, तो रक्षक.' महाराज म्हणाले, चोच चालेल.

 भालेराव घाईघाईने सांगू लागले, की यात शास्त्रीबुवांचं कसब काही नाही. चापच तसा केलाय. नुसता लागला की सुटतो. कुणीही फोडला असता.

"कुणीही?" महाराजांनी विचारलं.

"अगदी कुणीही, महाराज."

"मग अकरा वर्षं एवढा मोठा प्राणी आम्ही कशाला पोसला?"

 भालेरावांच्या कमरेचा पट्टा काढून धवलशास्त्र्यांना तीन वेढे घालून बांधला, तेव्हा कुठे शास्त्रीबुवा शुद्धीवर आले. पट्ट्यात पिस्तूल आहे हे कळताच पुन्हा गेले. गुहा त्यांच्या नावावर झाली. बगळा गुहेत राहत नाही, पण सुके मासे ठेवायला जागा बरी होती.

चंद्राबाईंनी बोचकी बांधली. पाठ घासायचा दगड उचलून पाहिला, तो उचलला नाही. भालेराव दारात मोहाच्या झाडाला टेकून बसले होते.

"हुप्पे म्हणतो, असा चाप त्याने माणसांतही पाहिला नाही," ते हळूच म्हणाले.

"चाप चांगलाच झाला हो," चंद्राबाई बोचकं डोक्यावर घेत म्हणाल्या. "तुम्ही तेवढे राहिलात."

तात्पर्य

आपलं काम इतकं सोपं करून ठेवू नये, की ते दुसऱ्यालाही जमेल.

डोळे उघडे ठेवावेत, सराव करावा, हत्यार वेळच्या वेळी पुसावं, ही तात्पर्यंही या गोष्टीतून निघतात. ती परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. वरचं मात्र नोकरी लागल्यावर वापरा.