वाळवीचे वैरी नत्थूजी

नत्थूजींबद्दल लिहायचं मी बावीस वर्षं टाळलं. कोणी विचारलंच तर ‘भला माणूस, जरा सटकलेला’ एवढं बोलून विषय बदलायचो. आता अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे. आता लिहितो.

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या लग्नात लोक अक्षता घेऊन उभे असताना एक उंच, वाळका माणूस वही घेऊन थेट नवरीपाशी जाताना दिसला, तर समजा की तेच नत्थूजी. “बाई, आजवरचं नाव काय तुमचं? लवकर सांगा. एकदा बदललं का मंग मले भेटत नाही.” नवरी गोंधळते, तिचा मामा बाह्या सरसावतो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडतं, “अरे, वंशावळीवाले नत्थूजी आहेत, सांगून टाक!” एका नवरीने मात्र ठणकावलं, “मी नाव बदलणारच नाही.” नत्थूजींनी भर मांडवात तिला वाकून नमस्कार केला.

राहायला ते कारध्याला. वीज खात्यात लाइनमन होते. “खांबावरून उतरलो आन वंशाच्या झाडावर चढलो,” असं स्वतःच सांगतात. जिल्ह्यातल्या घराण्यांच्या वंशावळी मांडणारी वेबसाइट ते एकटे, एका बोटाने टाइप करत चालवतात. कोणाकडून काही घेत नाहीत. अट एकच, “माणसाचं नाव सातबाऱ्यावर भेटते जी. बाईचं सांगा.” पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला, आमचे पणजोबा पाच गावांचे मालगुजार होते, ठळक अक्षरांत लिहा. नत्थूजी म्हणाले, “लिहितो न. पणजीचं नाव?” ‘ते विचारून कळवतो,’ गृहस्थ म्हणाले. “पाच गावं ध्यानात रायली, आन घरातली एक बाई काहून नाही रायली हो?”

त्यांचा दुसरा नाद म्हणजे वाळवी. कोणत्याही गावात गेले की आधी शाळेत शिरतात. पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला, कापूर आणि कॅमेरा. जुनं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आल्या-गेल्या पोरांच्या नावांची वही, मागून घेतात, पानापानाचा फोटो काढतात, पाला घालून परत ठेवतात. हेडमास्तर कंटाळला तर त्याला दरडावतात, “तुम्ही चहा प्या, ते वाळवी तिकडे नावं खाऊन राहिली!” अशा शंभरावर शाळांच्या रजिस्टरांचे फोटो त्यांच्या वेबसाइटवर आहेत. लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण ही वाळवी मी त्यांच्या डोक्यात सोडली.

करडीच्या अलीकडच्या एका गावात मी हेडमास्तर होतो. श्रावणातला दिवस, पोरांची खिचडी चुलीवर चढायची होती आणि लाकडं ओली. स्वयंपाकीण बाई फुंकून फुंकून रडकुंडीला आल्या. “गुरुजी, कागद द्या काही.” मी कपाटावरचं एक जुनं, पिवळं पडलेलं रजिस्टर काढून दिलं. चूल पेटली, पोरं जेवली. मी ते विसरूनही गेलो.

महिन्याभराने नत्थूजी आले. तेव्हा ते नोकरीत होते. त्यांची आई ते दोन वर्षांचे असताना गेली होती. सासरी तिला सगळे पार्वती म्हणत, पण ते लग्नात ठेवलेलं नाव. माहेरचं नाव कोणालाच सांगता येईना. मामा मंडळी पोटासाठी खाणींकडे गेली ती गेलीच. बापाला विचारलं की तो उठून बैलांपाशी जायचा. “पण ते तुमच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकली जी. तिच्या मायबापानं ठेवलेलं नाव तेवढं पायजे.”

त्यांनी सांगितलं ते साल चुलीत गेलेल्या त्याच रजिस्टरातलं होतं. मी म्हणालो, “वाळवीनं खाल्लं हो.”

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, “दुसऱ्याच्या मायचं तरी नको खायला.” दुसऱ्या रविवारी ते शेजारच्या गावच्या शाळेत कडुलिंबाचा पाला घेऊन हजर होते. वेबसाइट त्यातूनच निघाली. तिच्यात हजारो बायांची नावं आली, पण त्यांच्या स्वतःच्या घराण्यात आईची चौकट कोरीच होती.

यंदा उन्हाळ्यात त्यांना तुमसरहून फोन आला. तिथल्या एका सुनेने मोबाइलवर नत्थूजींच्या घराण्याची वंशावळ, आईच्या शाळेच्या गावासकट, वाचून दाखवली आणि पंच्याऐंशीच्या घरातली तिची सासू उठून बसली. “कारध्याले देल्ली ते? ते तं आमची गिरजा! दुसरीत माझ्या बाजूले बसे. माझी पाटी फोडली तिनं, अजून भरून नाही देल्ली.” नत्थूजी दुसऱ्याच दिवशी नवी पाटी घेऊन तुमसरला गेले. “मायकडून आणली,” म्हणून तिच्या हातात ठेवली.

हे कळल्यावर मी साकोलीहून बस पकडली. आज सांगायचंच, असं ठरवून वाटभर एक वाक्य घोकलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, चहा दिला. चौकट भरलेली दाखवली. मी तोंड उघडणार तोच ते उठले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि समोर उभे राहिले.

“गुरुजी, तुमच्या शाळेची पोरगी होती. एक डाव हजेरी घ्या न तिची.”

आयुष्यभर मी हजेऱ्या घेतल्या. त्या दिवशी एकच नाव घ्यायचं होतं. मी म्हणालो, “गिरजा.”

“हजर, गुरुजी,” सहासष्ट वर्षांचे नत्थूजी हाताची घडी घालून म्हणाले.

त्यानंतर मी फक्त ‘चहा छान झाला’ एवढंच बोललो आणि परतीची बस धरली. घोकलेलं वाक्य तसंच माझ्याबरोबर परत आलं. ते असं होतं: नत्थूजी, वाळवी नव्हती, रजिस्टर मीच चुलीत घालायला दिलं, मला माफ करा.