टायगरची आई दाखवा

कुत्रं विकत घ्यायचं, हे सत्यशीलेनं मंगळवारी सकाळी चुलीपुढं बसून ठरवलं आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या आत ते पक्कंही झालं. गहिनीनाथाला विचारलं नाही. नवऱ्याला विचारून करायच्या गोष्टींची तिच्याकडे एक यादी होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी ती कोरीच होती.

कारण कोंबड्यांचं होतं. वस्ती सुप्याच्या एमआयडीसीपासून हाकेच्या अंतरावर. शिफ्ट सुटली की कंपनीतले कामगार गावरान अंड्यांसाठी तिच्या दारात मोटरसायकली उभ्या करायचे. त्या अंड्यांच्या पैशाला घरात कुणी हात लावायचा नाही, गहिनीनाथानं तर नजरसुद्धा लावायची नाही. अशा बावीस कोंबड्या. महिन्याभरात त्यातल्या आठ गेल्या. रात्री नाही, भर दुपारी. सरपणाच्या ढिगाजवळ दोन पिसं तेवढी मागं राहायची.

तिनं कसून तपास केला. सख्खी जाऊ पुष्पावती शेजारीच राहते. तिच्या घरात शिरून सत्यशीलेनं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं. आत वांगं निघालं. (वांगं निघालं म्हणून माफी मागितली का? नाही. मीठ कमी आहे, एवढं सांगून आली.)

महिन्याभरापूर्वी तिनं तांबडीला हाकललं होतं. तांबडी म्हणजे वस्तीवरची कुत्री. कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. ती सत्यशीलेच्या कडब्याच्या गंजीत व्याली. एके दिवशी गंजीजवळ फुटकं अंडं दिसलं. सत्यशीलेनं साक्षीपुरावा न घेता शिक्षा सुनावली आणि अंगण झाडायची वाढवणी घेऊन तांबडीला रस्त्यापार केलं. तीन पिल्लं राहिली. त्यातल्या एकाचा कान ठिपक्याठिपक्यांच्या कवड्या कोंबडीनं टोचून आधीच फाडला होता. भंगारचा टेम्पो आला, तशी तिन्ही पिल्लं तिनं त्या टेम्पोवाल्याच्या गळ्यात घातली. तो घेईना, तेव्हा वर सहा अंडी दिली.

कोंबड्या जायला लागल्या त्या नेमक्या त्या आठवड्यापासून. ही गोष्ट साऱ्या वस्तीच्या ध्यानात आली होती, एक सत्यशीला सोडून. आणि तिला सांगायला जाणार कोण?

आठवी कोंबडी गेली तेव्हा गहिनीनाथानं धीर करून म्हटलं, "विकून टाकू का ऱ्हायलेल्या?"

त्यावर तिनं दूध डेअरीवर, भरल्या कॅनांपुढं, सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "आता एक जरी कोंबडी गेली, तर ऱ्हायलेल्या चौदाच्या चौदा जाऊबाईच्या दारात नेऊन सोडीन. जन्मात अंड्याचं नाव घेणार न्हाई."

"मी डालगं धुऊन ठिवते," पुष्पावती म्हणाली.

म्हणून कुत्रं. तेही साधं नव्हे. साध्या कुत्र्याला चोर भीत नाही, असं सत्यशीलेचं मत होतं. जर्मनचं पाहिजे.

केडगावच्या बाहेर आप्पासाहेबाचं 'रॉयल इंटरनॅशनल केनेल' होतं. म्हणजे एक पत्र्याचं शेड, त्यावर शेडपेक्षा मोठा बोर्ड. आप्पासाहेबाच्या गळ्यात पिवळी साखळी, हातात दोन मोबाईल आणि तोंडात एकसारखं 'ताई'.

"ताई, हा बघा. जर्मन शेफर्ड. प्युअर. बाप चॅम्पियन हाय."

पिल्लाची पाठ काळीकुळकुळीत होती. दोन्ही कान पांढऱ्या चिकटपट्टीनं उभे बांधलेले.

"ह्याच्या कानाला काय झालं?"

"हुभे ऱ्हावेत म्हणून. जर्मनीत असंच करत्यात."

सत्यशीलेनं पिल्लाचा जबडा उघडून दात पाहिले. शेपटी उचलून पाहिली. चारी पाय दाबले. पाठीवरून उलटा हात फिरवला. घोडेगावच्या बाजारात तिच्या बापानं बैल असेच पाहिले होते.

"ताई, बैल न्हाई त्यो," आप्पासाहेब हसला.

"बैल न्हाई म्हणून सोळा हजार ऐकून गप बसू व्हय? आई दाखवा ह्याची."

"आई फॉरेन लाइनची हाय, ताई."

"मग फॉरीनला गेलीया का?"

"न्हाई, मागंच हाय. पर तिला माणसं चालत न्हाईत."

"मलाबी चालत न्हाईत. आणा. आईची कास बघितल्याबिगर मी कालवड घेत न्हाई, तर कुत्रं घीन?"

गहिनीनाथ मोटरसायकलीला टेकून उभा होता. तो आप्पासाहेबाकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. त्याला पुढचं माहीत होतं.

मागून एक घोड्याएवढी कुत्री साखळीनं बांधून आणली. सत्यशीला म्हणाली, "आता पिल्लू सोडा तिच्याम्होरं. चाटलं तर तिचं. हुंगून तोंड फिरवलं तर तुमचं."

आप्पासाहेबाची एक पापणी फडफडली. "सोडतो की. जरा तोंड पुसून आणतो त्याचं, घाण झालंय."

पाच मिनिटांनी पिल्लू आणलं. आणि काय सांगावं! त्या थोरल्या कुत्रीनं त्याला असं चाटलं, असं चाटलं, की पिल्लू दोनदा आडवं पडलं. सत्यशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "बघितलं? माणूस खोटं बोलंल, जित्राब बोलत न्हाई."

मग तिनं गहिनीनाथाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आप्पासाहेबाचा हात त्याखाली घेतला आणि बाजारातल्या दलालासारखी बोटं दाबायला लागली. आप्पासाहेबाला बोटांची भाषा येत नव्हती, पण दुखायला लागल्याचं कळत होतं. साडेआठ हजाराला तो "बास बास" म्हणाला. वर प्लॅस्टिकमध्ये घातलेलं सर्टिफिकेट मिळालं. त्यावर बापाचं नाव होतं, आजोबाचं नाव होतं, पणजोबाचं होतं. (गहिनीनाथाला स्वतःच्या पणजोबाचं नाव अजून सापडलेलं नाही. सातबाऱ्याच्या वेळी त्यापायी पारनेरला चार खेटे पडले होते.)

पिल्लाचं नाव टायगर ठेवलं. वायरच्या पिशवीत टायगर, मांडीवर पिशवी, अशी निघाली स्वारी. कामरगावच्या आसपास सत्यशीलेच्या भोवती माशा जमल्या. आधी दोन, मग पंगत. तिनं हात झटकला, तर हात पदराला चिकटला. पदर पिशवीला चिकटला. तिनं बोट हुंगलं. मग इकडंतिकडं बघून हळूच चाटलं.

गूळ!

हा डाव सत्यशीलेनं लगेच ओळखला. कारण दोन वर्षांमागं तिच्या गाईचं वासरू मेलं, गाय पान्हा चोरायला लागली, तेव्हा दुसऱ्याचं आईवेगळं वासरू आणून, त्याला गुळाचं पाणी चोळून, ते गाईपुढं उभं करणारी बाई दुसरीतिसरी कुणी नव्हती. गाईनं चाटून चाटून वासरू आपलं मानलं. डेअरीवर त्याची इतकी तारीफ झाली, की सत्यशीला सहा महिने तेच सांगत होती. "जित्राबाला फसवायला डोकं लागतं," असंही म्हणाली होती. आता तेच डोकं केडगावच्या माणसानं तिच्यावर चालवलं होतं, आणि या खेपेला गाईच्या जागी ती होती.

"काय झालं गं?" गहिनीनाथानं मागं न बघता विचारलं.

"काय न्हाई. गाडी हाका."

तिनं पिशवी पदरानं झाकली. गूळ तर गूळ. कुत्रं तर जर्मन आहे!

दारात निम्मी वस्ती गोळा झाली होती. पुष्पावती सगळ्यांत पुढं, कमरेवर हात ठेवून. सत्यशीलेनं टायगरला अंगणात ठेवलं, सर्टिफिकेट उंच धरलं आणि बापाचं नाव वाचायला तोंड उघडलं.

तेवढ्यात कुंपणाच्या बोरीतून तांबडी आत घुसली. महिनाभर न दिसलेली तांबडी! अंग चोरत, कण्हत, थेट टायगरपाशी गेली आणि त्याला नाकापासून शेपटीपर्यंत चाटायला लागली.

"अगं बया!" पुष्पावती म्हणाली. "ही तर आईवानी चाटतीया."

"आईवानी कशाची!" सत्यशीला कडाडली. "गूळ लावलाय त्याच्या अंगाला, म्हणून चाटतीया!"

तोंडातून काय गेलं ते सत्यशीलेला उशिरा कळलं.

"जर्मन कुत्र्याला गूळ?" पुष्पावतीनं गोड आवाजात विचारलं. "कुणी लावला गं?"

"धुऊन काढते आत्ता. मग बघा ती चाटती का ते!"

सत्यशीलेनं बादली ओढली, साबण घेतला आणि टायगरला घासायला सुरुवात केली. पहिलं पाणी काळं आलं. दुसरं त्याहून काळं. तिसऱ्या पाण्याला टायगर तांबडा झाला. चौथ्याला कानाची पट्टी सुटली आणि दोन्ही कान, जर्मनीचा काहीही मान न ठेवता, खाली पडले. डाव्या कानाला चांगली मोठी फाट होती.

कवडी कोंबडी लांबून बघत होती. ती तुरुतुरु आली आणि त्याच कानावर, त्याच जागी, जुन्या ओळखीनं एक टोच मारून गेली.

तांबडीनं ओलं, स्वच्छ, बिनगुळाचं पिल्लू पुन्हा चाटलं. पिल्लू तिच्या पोटाशी घुसलं आणि लुचायला लागलं. परीक्षा पुरी झाली. आई सापडली.

कुणी हसलं नाही, कारण वाढवणी जवळच होती. फक्त गहिनीनाथ हळूच म्हणाला, "सहा अंडी वर."

"तुमी तोंड बंद ठिवा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सरपणाच्या ढिगाजवळ एकच कालवा झाला. तांबडी ढिगात तोंड खुपसून भुंकत होती. टायगर तिच्या मागं उभा राहून, कुणाला ऐकू जाणार नाही इतपत, भुंकत होता. दुसऱ्या बाजूनं भलंमोठं मुंगूस निघालं आणि ओढ्याकडं असं पळालं की पुन्हा फिरकलं नाही. आठ दिवस गेले. चौदाच्या चौदा कोंबड्या जागेवर. पुष्पावतीनं धुतलेलं डालगं परत माळ्यावर टाकलं. तांबडीला गंजीजवळ रोज अर्धी भाकरी मिळायला लागली. (सत्यशीला ती देताना तोंड दुसरीकडं करून देत असे.)

पण साडेआठ हजार सोडून द्यायला ती कुणाची लेक होती? रविवारी ती नवऱ्याला घेऊन केनेलवर हजर. हातात सर्टिफिकेट, चिकटपट्टी आणि गुळाचा एक खडा.

"पैसं टाका."

"पिल्लू आणा, पैसं न्या," आप्पासाहेब म्हणाला. "बिजनेस म्हंजे बिजनेस, ताई."

पिल्लू? पिल्लू नेलं की तांबडी जाणार, तांबडी गेली की मुंगूस येणार. सत्यशीलेनं पिल्लाचा विषयच काढला नाही. तिनं गेटात पोतं अंथरलं आणि त्यावर मांडी ठोकली. पुण्याच्या पासिंगची एक मोटार आली. "आधी पिल्लू धुऊन मागा!" तिनं काचेवर थाप मारून सांगितलं. मोटार वळली. दुसरी आली. तिला गुळाचा खडा दाखवला. तीही वळली. सकाळी नऊला बसलेली बाई चारपर्यंत पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. पाचवी मोटार गेल्यावर आप्पासाहेब हात जोडून बाहेर आला आणि पाच हजार रुपये तिच्या पोत्यावर ठेवले.

"ताई, येवढ्यावर मिटवा. मलाबी टेम्पोवाल्याला द्यावं लागतं."

सत्यशीलेनं नोटा कनवटीला लावल्या आणि विजयानं उठली. पाच तर पाच. केडगावच्या माणसाकडनं पैसे काढले होते तिनं, खेळ नव्हे!

आप्पासाहेबाला बहुतेक तिची दया आली. तो गाडीपर्यंत पोचवायला आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "ताई, खरं सांगू? फुडच्या टायमाला कुत्रं पायजे असंल तर हितं येऊच नका. तुमच्याच बाजूला, सुप्याकडं, एक खुळी बाई हाय. टेम्पोवाला सांगत हुता. पिल्लं फुकाट देती, वर सहा अंडीबी देती. तिलाच गाठा."

सत्यशीला, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून गाडीवर बसली.

गहिनीनाथानं शांतपणे किक मारली.

"वळखतो मी तिला," तो म्हणाला.