फास्ट गाडीचा हार

"भाकरी बांधून घेऊ का?" आशाबाईंनी विचारलं, तेव्हा तात्यासाहेब आरशासमोर फेटा सारखा करत होते.

"अगं, सत्काराला चाललोय, शेतात नाय. घडीभराची वाट."

"पॅसेंजरची वाट हाय म्हणून इचारलं," म्हणत आशाबाईंनी भाकरी-ठेचा बांधलाच. दोन्ही वक्ताच्या हिशोबानं बांधला.

तळेगव्हाण हे वैजापूरकडचं एवढंसं स्टेशन. तिथून संभाजीनगरला जायला रडतखडत जाणारी पॅसेंजर सोडून दुसरं काही नव्हतं. जलद गाडी पाहिजे म्हणून प्रवासी संघटनेचे अध्यक्ष या नात्यानं तात्यासाहेबांनी कित्येक वर्षं निवेदनं दिली, उपोषणं केली, एका साहेबाच्या दारात भजनही केलं. शेवटी गाडी मंजूर झाली. आज ती पहिल्यांदा शहरात पोचणार होती आणि तिथल्या फलाटावर तात्यासाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. इंजिनाला हार घालायचा मानही त्यांचाच. तो झेंडूचा हार आदल्या दिवसापासून घरात पसरला होता आणि दोघांनी धरल्याशिवाय उचलत नव्हता.

बजाजनगरहून त्यांचा मुलगा सत्यमनं फोन केला होता, "आबा, गाडी पाठवतो." तात्यासाहेब भडकले. "रेल्वेच्या सत्काराला मोटारीनं जाऊ? लोक तोंडात शेण घालतील!"

तर असे ते, फेटा, हार आणि आशाबाई, सगळे पॅसेंजरमध्ये बसले. हारानं समोरचा अख्खा बाक अडवला. मेथीची पाटी घेऊन शहरात विकायला निघालेल्या पारूबाई त्या हाराच्या शेजारी अंग चोरून बसल्या. तात्यासाहेब त्यांना जलद गाडीचे फायदे सांगू लागले आणि ते संपायच्या आत चिंचखेडा स्टेशनात पॅसेंजर बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली.

बराच वेळ झाला, तरी हलेना. तात्यासाहेब खाली उतरून स्टेशन मास्तर सरिता मॅडमकडे गेले.

"मॅडम, गाडी कामून थांबवली? माझा सत्कार हाय!"

"मागून जलद गाडी येतेय, काका. ती पुढं गेल्याशिवाय पॅसेंजर सोडायची नाही, असा नियम झालाय."

"हा कोणता येडपट नियम?"

"प्रवासी संघटनेनं मागितला होता. अध्यक्षांनी उपोषण केलं होतं म्हणे."

तात्यासाहेबांनी फेट्याला हात लावला आणि ते डब्यात येऊन बसले.

"काय म्हणली?" आशाबाईंनी विचारलं.

"तांत्रिक अडचण हाय."

एवढ्यात जलद गाडी आली. पांढरीशुभ्र, चकचकीत. तात्यासाहेबांचे डोळे भरून आले. सुसाट जाताना तिला बघू म्हणून ते दारात उभे राहिले, तर ती हळू झाली आणि बरोबर त्यांच्या समोर येऊन थांबली. पाठोपाठ फोन वाजला. संघटनेच्या शहरातल्या शाखेचे राजेंद्र होते.

"तात्या, किधर हो यार? इथं बँडवाले, रेल्वेचे साहेब, सगळे ताटकळलेत. साहेब म्हणले, ज्यानं गाडी आणली तो माणूसच नाय, तर फोटो काय काढायचा? म्हणून त्यांनी गाडी अलीकडंच थांबवून ठेवलीय. तुम्ही पोचलात की सोडतील!"

"अरे, ती गेल्याबिगर मी कसा पोचू?"

"मग तिच्यातच बसा ना!"

हे तात्यासाहेबांना पटलं. रूळ ओलांडून ते जलद गाडीच्या दारावर थापा मारू लागले. आतला कर्मचारी काचेतून हात हलवून नाही म्हणाला. मधल्या स्टेशनात दार उघडायचं नाही, कोणी कितीही मोठा असला तरी. ही मागणीसुद्धा तात्यासाहेबांचीच होती. 'कोणी कितीही मोठा असला तरी' हे शब्द तर त्यांनी हट्टानं घालायला लावले होते.

ते परत आले, तोवर डब्यात सगळ्यांना सगळं कळलं होतं. आशाबाईंनी मॅडमकडून माहिती काढली होती.

"व्हय का तात्या," पारूबाई म्हणाल्या, "तुमची गाडी तुमच्यासाठी थांबली, आन् तुमी तुमच्या गाडीसाठी. मधी माझी मेथी कामून सुकवता?"

शेवटी सरिता मॅडमनी वर फोन लावला आणि डब्यापाशी येऊन म्हणाल्या, "आता एकच मार्ग आहे. पॅसेंजर आधी सोडते."

"फास्टच्या आधी पॅसेंजर? नाय, नाय! तत्त्वाचा प्रश्न हाय!"

"तत्त्व घिऊन उतरा खाली," पारूबाई म्हणाल्या. "आमी जातो."

तात्यासाहेब उतरले नाहीत.

संभाजीनगरच्या फलाटावर बँडवाल्यांना एकच सूचना होती, गाडी दिसली की वाजवायचं. पॅसेंजर दिसली. त्यांनी वाजवलं. उभं राहून पाय दुखलेल्या साहेबांनी मान वर न करता पॅसेंजरच्या इंजिनावर नारळ फोडला. लोकांनी तात्यासाहेबांना उचलून पुढं नेलं. "अरे, ही नव्हं, ही नव्हं!" ते ओरडत होते, पण बँडपुढे कोणाला ऐकू येतंय! दोघांनी हार धरून दिला आणि तात्यासाहेबांच्या हातानं तो पॅसेंजरच्या गळ्यात पडला. फोटो झकास आला. त्यात मेथीच्या पाटीसह पारूबाईही आल्या.

जलद गाडी आली तेव्हा बँडवाले चहाला गेले होते. साहेब कधीच निघाले होते. माणसं उतरली आणि रिक्षा शोधायला लागली. तात्यासाहेब अंगावर शाल घेऊन तिच्याकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं.

"परतीला तरी हिच्यात बसू," आशाबाई समजुतीनं म्हणाल्या.

"आपल्या गावाला थांबत नाय ती."

"कोणी नाय म्हणलं?"

"मीच. लोकांना वाटू नये, स्वतःच्या गावासाठी केलं."

संध्याकाळी दोघं पॅसेंजरमध्ये बसली. सकाळचा हार इंजिनावर तसाच लोंबत होता. तात्यासाहेबांनी खिडकीतून गार्डला विचारलं, "ती फास्ट कधी सुटते?"

"तुमच्या मागून."

आशाबाईंनी भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं, पण सोडलं नाही.

"भूक लागली असंल तुमाला," त्या म्हणाल्या. "जरा दम धरा. चिंचखेड्याला निवांत खाऊ."