लेकीच्या घरचा करंट

मुखरूभाऊंनी बॅटरीवरची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती घेण्यात वाईट असं त्यांना काही दिसलं नाही. वनरक्षक म्हणून तीस वर्षं जंगल पायी तुडवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर अचानक धुराचा राग आला होता. (घरात चूल होती. तिचा धूर गुणाबाई खात असल्यामुळे तो त्यांच्या लक्षात आला नव्हता.)

"लायसन नाई लागत, पेट्रोल नाई लागत," त्यांनी बायकोला समजावलं.

"अन् अक्कल?" गुणाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न चंद्रपूरच्या दुकानदाराने विचारला नव्हता. तो म्हणाला होता की एकदा चार्ज केली की साठ किलोमीटर जाते. चार्ज कुठे करायची, हे मात्र त्याने सांगितलं नाही. दोन हजार आठ साल होतं. ज्या जिल्ह्यात कोळसा निघतो, तिथेच जळतो आणि त्याची राख तिथल्याच वाळवणांवर पडते, त्या जिल्ह्यातल्या गावांत वीज मात्र पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेता निघून जायची. मोठमोठ्या टॉवरांवरून तारा मुखरूभाऊंच्या शेताच्या धुऱ्यावरून पुढे जात होत्या. मुंबईच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर चढणाऱ्यांना त्या विजेचं सुख होतं. मुखरूभाऊंची गाडी आठ दिवस ओसरीत उभी होती आणि घरी येणारे नातेवाईक तिच्यावर टॉवेल वाळत घालत होते.

नवव्या दिवशी, कसं कोण जाणे, सकाळपर्यंत वीज टिकली आणि गाडी भरली. गुणाबाईंनी वेळ साधली. "जाता तं भद्रावतीले जा अन् रीताले घेऊन या. वरीस झालं पोरगी आली नाई. आंबे सरून राह्यले."

रीता त्यांची एकुलती एक. गेल्या तीन फोनवर तिने दुसरं काही विचारलंच नव्हतं. बाबा, कधी येता? एवढंच. मुखरूभाऊंनाही तिची आठवण यायची, पण ती सांगायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. त्यांनी गाडी पुसली आणि निघाले.

त्यांचा एक नेम होता. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे आता कोणी पाळत नव्हतं. गावातले बाकीचे बाप व्याह्यांकडे कोंबडं खाऊन ढेकर देत परत यायचे. पण मुखरूभाऊंना आयुष्यात मोठेपणा मिरवायला फारशा जागा मिळाल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी ही एक घट्ट धरून ठेवली होती.

तेवीस किलोमीटरला गाडीचा काटा तळाला टेकला. नऊ वाजता ते रीताच्या अंगणात पोचले तेव्हा गाडी शेवटचे आचके देत होती. रीता धावतच बाहेर आली. तिने बापाला पाहिलं, मग गाडीला पाहिलं आणि हसली. "बाबा, चाबी द्या जरा." मुखरूभाऊंना वाटलं, पोरीला गाडीचं कौतुक आहे.

ते चार्जर घेऊन जागा शोधू लागले. ओसरीत बाहेरच्या भिंतीला एकच प्लग होता आणि त्यात कसलीशी वायर खोचलेली होती. मुखरूभाऊंनी ती काढून बाजूला ठेवली आणि आपला चार्जर लावला. चार्जरवरचा दिवा लागला नाही. पण मे महिन्याच्या उन्हात दिवा दिसतो कुठे, असं म्हणून ते खाटेवर बसले.

व्याही लहानूभाऊ कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मिश्कील गृहस्थ. ते तांब्या घेऊन आले. "इवाई, पाणी घ्या."

"नाई, लेकीच्या घरचं पाणी नाई पेत मी."

"बरं, चहा?"

"त्यातबी पाणीच राह्यते."

लहानूभाऊंनी चार्जरच्या वायरीकडे पाहिलं. "तुमी नाई पेत, पण तुमची गाडी तं नळी लावून बसली."

"करंट सरकारचा आहे," मुखरूभाऊ ताठ होत म्हणाले.

"मीटर मायं आहे," लहानूभाऊ म्हणाले आणि तांब्या स्वतःच रिकामा केला.

सुगंधाबाई, म्हणजे विहीणबाई, स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्यांनी व्याह्यांसाठी पातोडीची भाजी करायला घेतली होती आणि व्याही जेवणार नव्हते. हे कोणत्या बाईला आवडेल? तरी त्यांनी मन मोठं केलं. "नेजा रीताले," त्या दारातून म्हणाल्या. "आठ रोज राहू द्या. पोरगी आंबे-आंबे करून राह्यली."

रीताच्या हातातला झाडू तिथेच पडला. मुखरूभाऊंना एवढा आनंद झाला की त्यांची तहान दुप्पट झाली.

दहा वाजता सुगंधाबाईंनी स्वयंपाकघरातलं एक बटण दाबलं. त्याच क्षणी ओसरीत चार्जरचा लाल दिवा लागला. मुखरूभाऊ खूष झाले. (गेला तासभर वीज त्या प्लगात नव्हतीच, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला नाही. त्यांच्या डोक्यात तेव्हा आंबे होते.)

"आज मोटर आवाज नाई करून राह्यली," आतून सुगंधाबाई म्हणाल्या.

"परवाच पियुषनं दुरुस्त केली ना," रीता म्हणाली. पियुष तिचा नवरा. तो खाणीवर ड्युटीला गेला होता. नवऱ्याने दुरुस्त केलेली वस्तू खरंच दुरुस्त झाली, याचं दोघींना बरं वाटलं.

अकरा वाजता दिवा गेला. अकरा ते चार लोडशेडिंग. त्या गल्लीत नळ एक दिवसाआड, दहा ते अकरा यायचा आणि टिल्लू मोटर लावल्याशिवाय त्यातून थेंब निघत नसे. सुगंधाबाईंनी हात धुवायला तोटी फिरवली. तोटीने नुसता सुस्कारा टाकला.

लहानूभाऊ छतावर जाऊन टाकी बघून आले. मग पाइप धरून खाली आले आणि पाइपावरून मोटरपर्यंत गेले. मोटरपासून वायर धरून ते ओसरीतल्या प्लगापाशी पोचले आणि तिथे थांबले. मोटरची वायर जमिनीवर पडली होती, जशी मुखरूभाऊंनी ठेवली होती तशीच, नीट गुंडाळून.

"इवाई," ते शांतपणे म्हणाले, "नळाचा घंटाभर तुमच्या गाडीनं पेला."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सुगंधाबाई चुलीवरची भाजी उतरवून बाहेर आल्या. "आता परवालोक बोरिंगवरून भरा लागीन. माये गुडघे हे असे. रीता गेली तं कोण भरीन?"

"मंग परवा नेतो," मुखरूभाऊ म्हणाले.

"परवापासून पियुषची बहीण येते लेकरं घेऊन. मंग पावसाळा. पाहू दिवाळीले."

त्यात खोटं काही नव्हतं. रीताने पाण्याचे दोन पितळी गुंड उचलले आणि ती चौकातल्या बोरिंगवर गेली. उन्हात ती चार खेपा करत राहिली आणि मुखरूभाऊ खाटेवर बसून तिच्या खेपा मोजत राहिले. उठून एक गुंड घ्यावा असं त्यांना फार वाटलं. पण जावयाच्या गल्लीत सासऱ्याने पाणी भरलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ते बसून राहिले. मोठेपणाची ही दुसरी जागा त्यांना त्याच दिवशी सापडली.

त्या दिवशी त्या घरात पाणी जपून पिण्याचा नेम सगळ्यांनीच पाळला.

निघताना रीताने पुन्हा चाबी मागितली. डोळे लाल होते, पण ते उन्हानेही होतात. चाबी परत देताना ती म्हणाली, "बाबा, वाटेत थांबून डिक्की पाह्यजा."

"डिक्कीत काय पाहाचं? बॅटरी आहे तिथी," मुखरूभाऊ तिच्याकडे न बघता म्हणाले. बघितलं असतं तर त्यांनाच रडू आलं असतं.

तासाभराच्या चार्जिंगवर गाडी नऊ किलोमीटर गेली आणि जंगलाच्या तोंडाशी थांबली. पुढचे चौदा किलोमीटर मुखरूभाऊंनी ती ढकलली. वाटेतल्या एका बोरिंगचा दांडा त्यांनी पन्नास वेळा हापसला, नुसती हवा आली. जीभ टाळूपासून सुटेना. डोक्यावरून तारा गुणगुणत मुंबईकडे जात होत्या. एसटी शेजारून गेली तेव्हा कंडक्टरने मान बाहेर काढून विचारलं, "काऊन भाऊ, पेट्रोल संपलं का?" मुखरूभाऊंच्या तोंडात उत्तर द्यायलाही थुंकी नव्हती.

दिवस बुडता बुडता ते दारात पोचले आणि ओसरीत बसले, म्हणजे पडलेच. गुणाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "रीता कुठी?"

मुखरूभाऊंनी तुटक तुटक सगळं सांगितलं, डिक्कीचंही. गुणाबाईंनी त्यांच्या हातातली चाबी घेतली आणि सीट उघडलं. आत रीताची कापडी पिशवी होती. तिच्यात दोन साड्या, कंगवा आणि आंबे बांधून न्यायला घडी केलेली रिकामी थैली. सकाळी पहिल्यांदा चाबी मागितली, तेव्हाच तिने पिशवी भरून ठेवली होती. पिशवीवर काठोकाठ भरलेली पाण्याची बाटली होती आणि बाटलीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. गुणाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती नवऱ्यापुढे धरली.

मुखरूभाऊंनी वाचली.

"काय लिवलं?"

"बाबा," त्यांनी वाचून दाखवलं, "हे घरचं पाणी नाही. चौकातल्या सरकारी बोरिंगचं आहे. प्या."

चौदा किलोमीटर ते पाणी त्यांच्याच हाताखाली होतं. त्यांनी बाटली तोंडाला लावली. वाटभर बॅटरीवर बसून ते आंघोळीच्या पाण्याइतकं कढत झालं होतं. शेवटच्या थेंबापर्यंत ते प्याले आणि त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले.

गुणाबाईंनी साड्यांची घडी मोडू न देता पिशवी खुंटीला लावली.

"उद्या पह्यल्या येस्टीनं मीच जाईन रीताले आणाले," त्या म्हणाल्या. "अन् गेल्या गेल्या पह्यले त्याईच्या घरचं पाणी पेईन. तुमी घरी राहा अन् तुमच्या गाडीले पाजा."