दामल्यांचा सरदार

दामले भावोजींकडे चहा मिळतो, पण आधी भिंतीवरच्या चित्राचं वर्णन करावं लागतं. जलरंगातलं चित्र, विलायतेतल्या जुन्या जमान्याचं. किल्ल्याच्या पायरीवर लांब झग्यातली बाई, खाली चिलखत घातलेला सरदार एका गुडघ्यावर. भावोजी ऑकलंडला गेले तेव्हा तिथल्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून आणलं. बाकीचे लोक तिथून भाजी आणतात.

उन्हाने रंग उडतात म्हणून पडदे कायम बंद. आमच्या लोअर हट गावच्या थंडीत घरातली एकुलती एक उन्हाची खोली त्या बाईला दिलेली, आणि भावोजी कोट घालून काळोखात. मी शेजारी लेकीकडे राहते. दुपारी भावोजींकडे जाऊन बसते.

"वहिनी, नीट बघून सांगा. घाई नको."

"गुडघा चांगला आहे मेल्याचा."

"भाव बघा हो, भाव!"

"भाव कसला? दगडी जिन्यावर दोघं गारठलीत."

मी चौथी शिकलेली. दिसतं ते सांगते. झगा हिरवा म्हटला की "मोरपंखी!" म्हणून अंगावर यायचे.

गेल्या महिन्यात मला कंटाळा आला. म्हटलं, "आज सरदार उठून उभा राहिलाय."

ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "खरंच?"

मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"निखिलला सांगू नका," एवढंच म्हणाले. निखिल त्यांचा मुलगा, हॅमिल्टनला एकटा असतो. डोळे गेले की घर विकून माझ्याकडे यायचं, असं त्याने बजावलेलं. भावोजींना ते नको. म्हणे, "तिथे मी कुणाला ओळखतो?" इथे तरी कुणाला ओळखतात? मला आणि त्या झगेवालीला.

रविवारी निखिल आला. भावोजींनी भिंतीकडे बोट करून तासभर चित्र समजावलं. एक चूक नाही. चहा मीच ओतला, म्हणजे त्यांच्या हातून सांडायला नको.

"बाबा स्वीट ॲज आहेत, काकू, एकदम मजेत," म्हणत तो निघाला.

गाडीचा आवाज गेल्यावर भावोजींनी विचारलं, "कसा दिसत होता?"

"पोट सुटलंय. दाढी आहे."

"ठेवलेली की वाढलेली?"

"वाढलेली. शर्टाची दोन बटणं तुटलेली. जँडल्स, त्या रबरी चपला, घालूनच आला, एवढ्या थंडीत."

 मग भावोजी म्हणाले, "तो घरी पोचला की फोन लावून द्या, वहिनी. मला दिसत नाही, असं सांगतो त्याला. जातो तिकडे राहायला."